मानेवरचा डिंक

आमच्या घरात बाबांचं ऐकणारी एकच वस्तू उरली होती. समोरच्या खोलीतला जुना टीव्ही.

असं म्हटलं की वाटेल, घरात बाबांना कुणी विचारत नव्हतं. तसं नव्हतं. बाबा म्हणजे माझे सासरे. सव्वा वर्षापूर्वी त्यांना झटका आला, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. तेव्हापासून आम्ही त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपत होतो, आणि तिथंच सगळं अडत होतं. पाणी मी पाजायची. शर्टाची बटणं हे लावायचे. खिडकी उघडी ठेवायची की बंद, दिवा कधी मालवायचा, उशी एक की दोन, सगळं आम्ही ठरवायचो. बाबा नुसते बघत राहायचे. ज्या माणसाला दुकानात कुणी मधे बोललेलं खपत नसे, तो माणूस.

पण संध्याकाळी सात वाजले की ते खुर्चीतून उठत. भिंतीला डावा हात टेकवून, एकेक पाऊल ओढत टीव्हीपाशी जात आणि बटण पुढं ओढत. आधी आवाज येई, मग काचेवर राखाडी उजेड, मग माणसं. माणसं खालून वर पळायला लागत. बाबा खालचं छोटं झाकण उघडत, तिथल्या चार बारीक बटणांतलं एक केसभर फिरवत, आणि पळणारं चित्र जागेवर बसे. मग ते मागे वळून माझ्याकडे बघत. इतकंच. पण दिवसभरात त्यांचं तेवढं एक बघणं मान वर करून असे.

डॉक्टर म्हणाले होते, "बाकी काहीही करा, हे एक काम त्यांच्या हातून काढून घेऊ नका."

बाबांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, एका गाळ्याचं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांची एक रीत होती. एखादा सेट काही केल्या सुरू होण्यातला नसला, तर ते गिऱ्हाइकाला तसं तोंडाने सांगत नसत. त्याची वायर नीट गुंडाळायची, एकावर एक वेढा, टोक आत खोचायचं, आणि सेट पुढं सरकवायचा. गुंडाळलेली वायर बघितली की माणूस काय ते समजे. कुणी आणखी विचारलंच तर म्हणत, "आता त्याला घरी न्या." दवाखान्यात म्हणतात ना, तसं.

आता माझं सांगते, कारण पुढं जे झालं त्याला ते कारण आहे. झटका आल्यावर तिसऱ्या दिवशी मी देवापुढं बसून नेम घेतला. पहाटे दिवा लावल्यापासून घड्याळात बाराचे ठोके पडेपर्यंत बोलायचं नाही. माझी अर्ध्या दिवसाची वाचा घे, त्यांना त्यांची दे. देवाशी सौदा करू नये हे मला कळतं, पण मनात आलं ते असं. घरी कुणाला मी कारण सांगितलं नाही. हे म्हणाले, "बरं आहे, सकाळी घर शांत राहील." काही सांगायचंच असलं तर मी पाटीवर लिहायची. टेबलाच्या कडेला पाटी आणि पेन्सिल ठेवलेली असे. सव्वा वर्षात हाताला इतकी सवय झाली की सकाळच्या वेळी काही सुचलं की आधी हातच पाटीकडे जाई.

त्या बुधवारी बाबांनी बटण ओढलं, आवाज आला, उजेड आला, आणि बातम्या सांगणारी बाई एकदम वरून-खालून दाबल्यासारखी चपटी झाली. काचेच्या मधोमध एक पांढरी आडवी रेघ राहिली. सुईच्या टोकाएवढी जाड, डोळ्यात घुसेल इतकी लख्ख.

बाबांनी सगळ्यात आधी उजेडाचं बटण कमी केलं. ते मला ठाऊक होतं. रेघ तशीच जळत राहिली तर काचेवर तिचा कायमचा डाग पडतो. मग त्यांनी पेटीच्या उजव्या अंगाला, वरून वीतभर खाली, दोन बोटांनी टिचकी मारली. चित्र उघडलं. बाई पुन्हा बाईएवढी झाली. दोन क्षण, आणि पुन्हा रेघ.

बाबा माझ्याकडे वळले. घाबरले नव्हते. उलट डोळ्यात चमक होती. दुखणं काय ते त्यांना कळलं होतं. टिचकीनं चित्र येतं आणि जातं, म्हणजे आत कुठंतरी भाग जोडणाऱ्या सोल्डरच्या एका थेंबाला चीर गेलीय. मलाही कळलं, कारण तीन वर्षांपूर्वी हेच झालं होतं आणि तेव्हा टॉर्च मी धरला होता.

"उजेड धर, पोरी," ते म्हणाले होते, आणि काम करता करता एकेक भाग दाखवला होता. "ही पिक्चर ट्यूब. पुढं केवढी रुंद, आणि मागं बघ, बोटभर मान. सगळा जीव इथं. हिच्या टोकाला ही टोपी बसते. टोपी ढिली झालीय म्हणून परत बसवताना डिंक लावतोय, हा पिवळा. वाळला की तो दगड होतो. पुढं कधी टोपी काढायची वेळ आली तर ओढायची नाही हं. आधी पात्यानं डिंक कापायचा. ओढली की मान मोडली. मान मोडली की संपलं, ब्रह्मदेव आला तरी जोडता येत नाही."

मी तेव्हा हसून म्हणाले होते, "मला कशाला सांगता? मी थोडीच टोपी काढणार आहे!"

गुरुवारी दुपारी बाबांनी स्वतःच मागचं झाकण खोलायला घेतलं. डाव्या हाताने चार स्क्रू काढायला त्यांना पाऊण तास लागला. मी मधे पडले नाही. मग त्यांनी सोल्डरिंगची सळई माझ्या हातात दिली आणि बोटाने जागा दाखवायला लागले. तेवढ्यात हे आले.

"बाबा! वीज आहे ती, खेळणं नाही! आणि अगं तू? त्यांना आवरायचं सोडून सळई परजत उभी?"

"ते सांगतायत तसं करतेय मी."

"ते कुठं सांगतायत काही?" हे बोलून गेले, आणि मग जीभ चावली. बाबांनी सळईचा प्लग काढला आणि खुर्चीत जाऊन बसले.

स्वयंपाकघरात हे हळू आवाजात म्हणाले, "रविवारी भंगारवाला येतो गल्लीत. देऊन टाकू. मी नवीन सपाट टीव्ही आणतो."

"त्याला ओढायचं बटण असतं?"

"रिमोट असतो ना."

"बाबांना त्या रिमोटवरची बटणं उमजतील?"

"नाही उमजली तर राहू देत. मी लावून देईन."

झालं. घरातली आणखी एक गोष्ट आम्ही लावून देणार. यांचं वाईट मन नव्हतं हो. यांना भीती वाटत होती. बापाला हाताने भरवायची वेळ आलेला मुलगा विजेच्या वायरीला भिणारच. मी फार विनवलं तेव्हा म्हणाले, "रविवारच्या आत सुरू झाला तर राहू दे. नाहीतर मला ते पेटारं घरात नको."

शुक्रवारी दुपारी मी फ्यूजभाऊंकडे गेले.

फ्यूजभाऊंचं दुकान बाबांच्या समोरच होतं. जन्माचे वैरी, आणि रोज चहा मात्र एकत्र. बिघाड कोणताही असो, ते आधी फ्यूज बदलून बघायचे, म्हणून हे नाव. बाबा म्हणायचे, "याच्याकडे दुखरा दात घेऊन गेलात तरी म्हणेल, थांबा, फ्यूज बघू." आता त्यांचंही दुकान बंद होतं. गावात जुने टीव्ही उघडू शकणारा तो एकच माणूस राहिला होता.

"मास्तरांचा सेट?" ते ताडकन उठलेच. "येतो की! आयुष्यभर म्हणायचे, भाऊ, माझ्या सेटला तुझा हात लागू देणार नाही. आता बघू!"

"भाऊ, एक करा. उद्या बारानंतर या. सकाळी मी बोलत नाही."

"बरं, बरं."

शनिवारी साडेदहाला दारात हजर. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात सोल्डरिंगची सळई, तलवारीसारखी.

मी पाटीवर लिहिलं, 'बारा वाजेपर्यंत थांबाल का?' त्यांनी पाटी हातभर लांब धरली, मग नाकाशी आणली. "जवळचा चष्मा घरीच राहिला बघा. काय म्हणता, बारा? अहो सूनबाई, मौन तुमचं आहे, माझ्या हातांचं नाही. करू सुरुवात. काय मास्तर!" ते बाबांपुढं उभे राहिले. आवाज उगाच मोठा केला होता. बाबांना ऐकू येत होतं चांगलं. "काय हे, दोन मुक्यांच्या घरात एकटा मीच बडबड्या! चला, आज मला मधे कुणी अडवणार नाही."

बाबा डाव्या ओठाने हसले. त्यांनाही बरं वाटलं असावं. सव्वा वर्षात कुणी त्यांची थट्टा केली नव्हती.

भाऊंनी झाकण काढलं आणि हात आत घालून पहिल्यांदा फ्यूजच चाचपला. बाबांनी खुर्चीच्या हातावर बोटांनी टकटक केलं आणि मान हलवली.

"ठाऊक आहे हो, फ्यूज नाही! आवाज येतोय म्हणजे फ्यूज शाबूत. पण देवाला नमस्कार करून कामाला लागतात ना, तसं आहे ते." मला म्हणाले, "टॉर्च धरा सूनबाई."

मी धरला. त्यांनी ट्यूबच्या पाठीवरची रबराची बशी उचलून आतला साठलेला करंट उतरवला. चट् असा आवाज झाला. बाबांनी समाधानाने डोळे मिटले. कुणी नीट काम करत असलं की ते असे डोळे मिटत. मग भाऊंनी सगळे भाग बसवलेली पट्टी सरकवायला घेतली. सोल्डर खालच्या बाजूला असतो, म्हणजे अख्खी पट्टी बाहेर ओढून उलटी करायला हवी. पट्टी अर्धी आली आणि अडली. ट्यूबच्या टोपीच्या वायरी ताणल्या गेल्या.

"टोपी काढावी लागणार," भाऊ म्हणाले.

बाबांचे डोळे उघडले. बोटं खुर्चीच्या हातावर वाजायला लागली. जोरात.

"मास्तर ताल धरतायत!" भाऊंची पाठ त्यांच्याकडे होती.

बाबांनी डावा हात उचलून स्वतःच्या मानेवर ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. घशातून एक आवाज काढायचा प्रयत्न केला, तो नुसताच श्वास निघाला. पुन्हा मानेवर हात मारला. पुन्हा माझ्याकडे.

मला कळलं. पहिल्या क्षणालाच कळलं. टॉर्चच्या उजेडात मला तो डिंक दिसतही होता, टोपीच्या कडेनं, तपकिरी पडलेला. नाकावर जवळचा चष्मा नसलेल्या माणसाला तो टोपीचाच भाग वाटला असणार. एक शब्द पुरे होता. 'डिंक.' किंवा नुसतं 'थांबा.'

आणि माझा हात पाटीकडे गेला.

मी विचार केला आणि नेम सांभाळला, असं झालं नाही. विचार केलाच नाही मी. सकाळ होती, काही सांगायचं होतं, हात पाटीकडे गेला. टेबल दोन पावलांवर होतं. मी वळले आणि माझ्याबरोबर टॉर्चही वळला.

"उजेड कुठं गेला?" भाऊ म्हणाले. "असू दे, असू दे. माझ्या बोटांना दिसतंय."

पेन्सिल पाटीवर टेकली. 'डि' लिहून झालं होतं.

कट् असा आवाज आला. फार मोठा नव्हे, वाळकी काडी मोडावी तेवढा. आणि मग एक बारीक सुस्कारा. सायकलच्या चाकातून हवा जाते ना, तसा. फक्त इथं हवा बाहेर जात नव्हती, हवा काढून घेतलेल्या ट्यूबमध्ये शिरत होती. तो सुस्कारा संपेपर्यंत खोलीत कुणी हललं नाही.

"डिंक होता," मी म्हणाले. "भाऊ, तिथं डिंक होता."

माझा आवाज मलाच परका वाटला. सकाळी मी तो ऐकलाच नव्हता कित्येक महिने.

भाऊंच्या हातात टोपी होती, आणि टोपीत काचेच्या मानेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. ते तो तुकडा डोळ्यांशी नेत राहिले, लांब धरत राहिले. मी पुन्हा टॉर्च धरला. उरलेल्या मानेत आतल्या बाजूला आरशासारखा रुपेरी डाग असतो, तो हवा लागून आमच्यादेखत पांढरा पडत गेला, काठाकडून मधे, दुधावर साय धरावी तसा.

भाऊ खाली बसले. जमिनीवरच. "मास्तर," ते म्हणाले, "हात चालत नसला तर काठीनं मारा, पण मारा मला. चाळीस वर्षांत एक मान मोडली नव्हती मी. एक नाही. आणि मोडली ती तुमची."

बाबा त्यांच्याकडे बघतच नव्हते. टीव्हीकडेही नाही. ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं रागावले असतील, आणि ते बरं झालं असतं. पण त्यांनी डावा हात सावकाश उचलला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. अकराला दहा कमी होती. बोट तसंच ठेवून त्यांनी मान हलवली. बारा वाजले नव्हते. मी बोलले होते.

मी समजत होते, माझा नेम मला आणि देवाला ठाऊक. बाबांना कुणी सांगितलं नव्हतं. पण दिवसभर नुसतं बघत बसणाऱ्या माणसाला काय कळायचं राहतं? त्यांनी कधीच ताडलं होतं आणि ते त्याच्यावर भरवसा ठेवून बसले होते. रोज सकाळी मी गप्प, आणि तिकडे खुर्चीत ते वाट बघतायत. सव्वा वर्ष. बोलायचं तेव्हा मी बोलले नाही, आणि बोलून काही उपयोग नव्हता तेव्हा बोलले. दोन्ही गेलं.

भाऊ अर्ध्या तासाने उठले. म्हणाले, "ट्यूब शोधतो मी." पण कुठं शोधणार ते त्यांनाही सांगता आलं नाही. मग काय वाटलं त्यांना, पट्टी ओढून काढली, उलटी केली, बोटांनी चाचपत चीर शोधली. मीच टॉर्च धरला. खसखशीच्या दाण्याएवढ्या थेंबाभोवती केसासारखी गोल चीर होती. "हे बघा," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "एवढंसं दुखणं. एवढंसं." आणि त्यांनी तिथं नवा सोल्डर सोडला, नेटका, चकचकीत. टोपीच्या वायरी बाजूला बांधल्या, पट्टी आत सरकवली, झाकण लावलं. रोगी गेल्यावर औषध पाजावं तसं ते सगळं होतं, पण मी त्यांना थांबवलं नाही. त्यांनाही हाताला काहीतरी हवं होतं. जाताना त्यांनी चहा घेतला नाही.

संध्याकाळी सात वाजता बाबा उठले.

मी म्हणाले, "बाबा, आज राहू दे ना." ते भिंतीला हात टेकत गेलेच. बटण ओढलं. आवाज आला, स्वच्छ, अगदी पूर्वीसारखा. बातम्या सांगणारी बाई बोलत होती. काच काळी. बाबा थांबले. राखाडी उजेड यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ थांबले. मग वाकून छोटं झाकण उघडलं आणि ते बारीक बटण केसभर फिरवलं. थोडं इकडं, थोडं तिकडं. काचेत फक्त त्यांचाच वाकलेला चेहरा दिसत होता.

त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं नाही.

हे दारात उभे होते, कामावरून आलेले, पायातले बूट तसेच. "बाबा, मी उद्या नवीन..." इतकंच म्हणाले. मला हळूच विचारलं, "भाऊ आले होते ना? काय झालं?" मी सगळं सांगितलं, पाटीचंही. यांनी वाकून बुटांचे बंद सोडले. मग म्हणाले, "तुझा काय दोष." पण ते म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते.

रविवारी पहाटे मी दिवा लावला. मोडलेला नेम पुन्हा पहिल्या दिवसापासून धरायचा असतो. मागायला तोंड राहिलं नव्हतं, म्हणून काही न मागता नुसती बसले. गप्प राहिले, कारण दुसरं काय करायचं ते मला येत नव्हतं.

दहाच्या सुमाराला गल्लीच्या टोकाला भंगारवाल्याची हाक ऐकू आली. हे खाली गेले. बाबा खुर्चीतून उठले. सातची वेळ नव्हती ती. टीव्हीपाशी जाऊन त्यांनी प्लग उपसला आणि वायर हातात घेतली.

त्यांना काय करायचंय ते मला लगेच समजलं. वायरीचं टोक त्यांनी उजव्या हाताच्या बोटांत बसवलं आणि डाव्या हाताने पहिला वेढा घातला. उजव्या हाताने टोक धरलं नाही, वेढा सुटला. पुन्हा बसवलं. पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा त्यांनी ते टोक छातीशी दाबून धरायचा प्रयत्न केला, तर सगळी वायर पायांवर सांडली. त्यांनी ती उचलली आणि न बघता टोक माझ्याकडे केलं.

मी हातातली पाटी खाली ठेवली आणि टोक धरलं. ते डाव्या हाताने गुंडाळत राहिले, सावकाश, एकावर एक, दुकानात गुंडाळत तसे. वेढा तिरका गेला की उलगडून पुन्हा. मी हात हलू दिला नाही. जिन्यात यांचा आणि आणखी कुणाचातरी आवाज वर येत होता, आणि अजून हातभर वायर बाकी होती.